दोघींत दोन दाब

जानेफळ, २४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप रुक्मिणीआत्या,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की दमा फक्त डिंपलला आहे आणि मी दम्याचं औषध कधीच घेतलं नाही. पहिलं खरं आहे, दुसरं नाही. तोंडात ओढायच्या तिच्या पंपाला मी औषध मानतच नव्हते, जुळ्या बहिणीला सोबत समजत होते. ही दुरुस्ती आधी, नमस्कार त्यानंतर. तो गोड मानून घ्यावा. गुडघा कसा आहे? (चौकशी खरीच आहे. तिच्यामागे कामही आहे, ते शेवटी लिहिते.)

बुलढाण्याला दम्यावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावलं, कारण आम्ही हुबेहूब जुळ्या आणि दमा एकीलाच. त्यांनी समजावलं की आमची जनुकं एकच, पण धूर, धूळ, आजारपण यांच्या खुणा त्यांच्यावर बसतात. मग काही जनुकं जागी राहतात, काही झोपतात. (डिंपल खामगावला तुमच्याकडे शाळेत होती आणि मी घरीच बाबांपाशी शिकत होते, तेव्हाच्या तिथल्या कापसाच्या जिनिंगच्या धुळीबद्दल त्यांनी विचारलं. दोष तुमचा आहे असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही म्हणत नाही.) आई म्हणाली, "झोपलेलं झोपू द्या नं बाई, कायले उठवता?" सगळे हसले. मग बाईंनी पंपाचं विचारलं. आईनं अभिमानानं सांगितलं, "डॉक्टरनं रोजचे दोन दाब लिहिले. एक इले, एक तिले." बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणजे डिंपलला इतकी वर्षं अर्धंच औषध मिळालं, आणि निरोगी म्हणून जिच्याशी तिची तुलना करायची, ती मी उरलेलं अर्धं घेत होते. आमची जोडी संशोधनातून बाद झाली. दोन्ही दाब डिंपललाच द्या, असं बाईंनी आईला बजावलं. परतीच्या बसमध्ये डिंपल छातीतल्या शिट्टीसकट म्हणाली, "काऊन वं, माह्या वाट्याचा श्वास गोड लागला काय?" मी हसले. मग खिडकीकडे तोंड करून रडले.

घरी आल्यावर मी पंप नको म्हटलं. तर आईनं तो डिंपललाही दिला नाही. "बाईच म्हणे नं, दोघी आतून एकच हायेत? मंग औषध वेगळं कायले?" आमच्या बारशाला तुम्ही म्हणे सांगितलं होतं की जुळ्यांत एकीला जास्त दिलं तर दुसरी दगावते. आईला भीती आहे ती माझ्याच जिवाची. त्या दिवशी डिंपलचे ओठ निळसर पडले, दवाखान्यात वाफ द्यावी लागली. तेव्हापासून मी पुन्हा पंपासाठी आईपुढे तोंड उघडते, म्हणजे डिंपलला तिचा एक दाब तरी मिळतो (मी श्वास आत ओढत नाही, पण माझा दाब वाया जातोच). पंप कपाटात आणि किल्ली आईच्या कमरेला.

आपली,
अनुपमा

ता.क. : येऊन आईला सांगा, की तुम्ही तुमचा शब्द परत घेतला. ती दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाही.

ता.क. दुसरा : बाबा आत्ताच म्हणाले, ते वाक्य तुमचं नव्हतंच, आजीचं होतं. मी आधी विचारायला हवं होतं. तरी ते तुमचंच म्हणा. आजी आता कुठून परत घेणार?

ता.क. तिसरा : गुडघ्यानं येऊ दिलं नाही, तरी बाईंकडे डिंपलचा नवा पंप येणार आहे. तो मी स्वतः आणीन आणि आईच्या हाती देणार नाही, मग ती माझ्याशी बोलो न बोलो. गुरुवारी, ४ डिसेंबरला.