पल्टनीत न गेलेला हाकाऱ्या

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,
संरक्षणोपयोगी ग्रामीण शोध पारख समिती,
बुलढाणा.

अर्जदार : उकंडराव सोनाजी वायाळ, वय सत्तरीपुढे, धंदा शेती व भाजीपाला, रा. जानेफळ, ता. मेहकर.

विषय : पाखरे हाकणारे यंत्र सैन्यात घ्यावे, नसता ज्वारी संपण्याआधी मोकळे करावे.

संदर्भ : समितीचे आजवरचे तिन्ही कागद, ज्यांची एकमेकांशी ओळख नाही.

महोदय,

वरील अर्जदार हात जोडून, पण दातओठ खाऊन, लिहून देतो की –

१. अर्जदाराने हाकाऱ्या नावाचे यंत्र केले आहे. वर गळका माठ, खाली बांबूची पन्हळ. पन्हळ भरली की पुढे कलते, रिकामी झाली की मागे पडते आणि तिच्या शेपटाची लोखंडी कांब घासलेटच्या रिकाम्या डब्यावर आदळते. शेतातल्या माळ्यावर बसून ओरडायला माणूस लागत नाही. जानेफळच्या बाजारात हे यंत्र अर्जदाराच्या वांग्यांच्या आधी खपत असे, आणि नांदुऱ्याच्या एका अडत्याने ते रेल्वेने खानदेशातही धाडले. पहिला हाकाऱ्या वाजला तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरने टायर फुटले समजून गाडी थांबवली आणि सगळ्या उतारूंनी खाली उतरून चाके चाचपली. यात अर्जदाराची पदरची भर नाही. असलीच तर दोन-चार उतारूंची असेल.

२. गेल्या साली सरहद्दीवर लढाई झाली. जवान बर्फात रात्र-रात्र जागतात हे ऐकून अर्जदाराने ताट बाजूला सारले व विचार केला. डोंगरावर हाकाऱ्यांची रांग लावली तर शत्रूस अख्खी पल्टन जागी वाटेल, तो उजाडेपर्यंत डब्यांवर गोळ्या झाडील आणि सकाळी रिकामी बंदूक खांद्यावर टाकून घरी जाईल. आपले जवान घोंगडी घेऊन निजतील. या विचाराने अर्जदाराने आपला सर्वांत खणखणीत हाकाऱ्या मांडीवर घेऊन बुलढाणा गाठले व समितीच्या हवाली केला.

३. बर्फात पाणी गोठेल, असा आक्षेप आला. अर्जदाराने उभ्या उभ्या सांगितले, पाण्याऐवजी कोरडी वाळू घाला. समितीच्या परीक्षक साहेबांनी मान डोलावली. मग कागद आला की, नमुना पाण्याचा दाखल आहे; वाळूचे यंत्र निराळे, सबब नवा अर्ज करावा. अर्जदाराने तोही केला.

४. दुसरा कागद आला की, बाजारात मिळणारी वस्तू सैन्यास चालत नाही, गुप्तता राहत नाही. सबब विक्री बंद करून विकलेली यंत्रे गोळा करावीत. अर्जदाराने देशासाठी तेही केले. गावच्या शेताशेतांतून हाकारे उतरवून आपल्या गोठ्यात कोंबले. समितीच्या माणसाने येऊन गोठ्यास लाखेचा शिक्का मारला. आत म्हैस राहिली होती. ती गुप्त नाही हे पटवून तिला बाहेर काढण्यात अर्जदाराची संध्याकाळ गेली.

५. अर्जदाराची शेजारीण झुंबरबाई एकट्या हाताने शेती करते. यंत्र उतरवताना ती बांधावर आडवी आली. "उकंडभाऊ, माही जवारी हुरड्यात आली, अन् आत्ताच काऊन नेऊन राह्यले?" अर्जदार म्हणाला, "बाई, देशाचं काम हाय." त्यावर ती म्हणाली, "हाव काय? मंग देशाले सांगा, पाखरं हाकाले ये म्हना!" अर्जदाराने यंत्र खांद्यावर घेतले आणि मान खाली घालून बांध ओलांडला.

६. यानंतर तिसरा कागद. सैन्यास अनुभवाने सिद्ध वस्तूच लागते, सबब यंत्र चालू साली बाजारात खुलेआम विकले जात असल्याचा दाखला जोडावा! महोदय, विक्री बंद करा म्हणणारी सही हीच, शाईचा डागही त्याच कोपऱ्यात. दुधाचा पेला तोंडी लावावा आणि तळाशी पाल दिसावी, तसे अर्जदाराचे झाले.

७. निदान नमुना तरी परत मिळावा म्हणून अर्जदार पुन्हा बुलढाण्यास आला. शिपाई दयाराम म्हणाला, "बाबा, त्याचं परीक्षण चालू हाय." कोठे, असे विचारता त्याने हनुवटीने महोदयांच्या बंगल्यामागे दाखवले. तेथे पेरूच्या झाडास हाकाऱ्या टांगलेला, माठ काठोकाठ भरलेला, आणि ठण्ण! ठण्ण! एकाही पेरूस चोच लागलेली नव्हती. अर्जदार म्हणाला, "काऊन बे दयाराम, चीन इथवर आला काय?" "हळू बोला, बाबा. लय पोपट येत होते. आता एक दिसत नाही."

दिसणार कसे? ते जानेफळास आले आहेत. अर्जदाराने त्यांस ओळखले. आमच्याकडचे पोपट माणूस पाहून उडतात. हे पोपट माणूस आला की, मान न वळवता, 'उद्या या' अशा कचेरीच्या नजरेने पाहतात. झुंबरबाईची निम्मी कणसे त्यांनी निकाली काढली आहेत. बाईच्या वर्षाच्या भाकरीचा प्रश्न आहे.

८. सबब विनंती की, गोठ्याचा शिक्का तात्काळ काढण्याचा हुकूम व्हावा. यंत्र सिद्ध आहे की नाही, हे महोदयांनी आपल्या पेरूंस विचारावे. सैन्यात त्यास घ्या अथवा घेऊ नका. पुढील लढाईपर्यंत समितीचा चौथा कागद निघेल असे अर्जदारास वाटत नाही, आणि पोपट तर आजच जेवत आहेत.

हुकूम होणे नसल्यास, ज्वारी खुडेपर्यंत समितीने जानेफळास मुक्काम करावा. झुंबरबाईने शेतात माळा बांधला आहे. त्यावर महोदयांसाठी पोते अंथरले आहे.

आपल्या पेरूंचे कुशल चिंतणारा,
उकंडराव सोनाजी वायाळ
जानेफळ, दि. १९ ऑक्टोबर १९६३

सोबत :
१) खाल्लेले कणीस.
२) गोफण, महोदयांच्या हातासाठी. खडे शेतात मिळतील.