पार्टीत किती जण?

लॉस एंजेलिस,
९ एप्रिल १९७३

चि. मीरास,

दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि. इथं मी खुशाल. तिथं तुम्हीही असाल, आबा आणि माणिककाका सोडून. ते दोघं खुशाल असल्याचं गेल्या जयंतीपासून कुणी पाहिलेलं नाही.

काल रविवार. मुलुंडच्या कारखान्यानं मला मशीन शिकायला तीन महिने इकडं धाडलं, पण रविवारी काय करायचं ते काही शिकवलं नाही. इथला फोरमन म्हणाला, डिस्नेलँडला जा. कुणाबरोबर जाणार, म्हणाला. मी म्हटलं, एकटा. एकट्यानंच लेझीम खेळायला निघालो असल्यासारखं त्यानं माझ्याकडं बघितलं.

डिस्नेलँड म्हणजे काय, तर आरे कॉलनीतल्या आपल्या छोट्या काश्मीरला शंभर जत्रा जोडायच्या आणि त्यातून चिखल, म्हशी आणि भेळ काढून टाकायची. माणसं ढीगभर, पण ओरडत नाहीत. ओरडायचं ते पाळण्यात बसल्यावर, तेही तिकीट काढून. तिकिटांचं पुस्तकच देतात. ए पासून ई पर्यंत पाच वर्ग. आपल्याकडं चार वर्ण आणि त्यांच्या बाहेर पाचवे आपण. इथं पाचवा सगळ्यांत वरचा. मी उगाचच खूश झालो.

तर जंगलातल्या होडीपाशी गेलो. दोरी धरून उभा असलेला पोरगेला बाबा हसून म्हणतो, हाऊ मेनी इन युअर पार्टी? मी गार. म्हटलं, च्यायला, सात समुद्र ओलांडले तरी पहिला प्रश्न पार्टीचाच! फोरमननं सांगितलं असणार, हा घाटकोपरच्या धोंडिराम तायडेंचा मुलगा म्हणून. मी सांगायला लागलो. पार्टी तशी मोठी आहे, पण सध्या दोन गट आहेत, एक अस्सल आणि एक मूळ. आमच्या भटवाडीत अस्सलचे चाळीस आणि मूळचे अडतीस. वडील अस्सलमध्ये, काका मूळमध्ये, आणि भांडण एवढंच की जयंतीला पहिला हार कुणी घालायचा. तो बिचारा बोटं वर करून मोजायला तयार उभा. मागं ही लांब रांग, आणि कुणी हूं की चूं करत नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी मागची एक म्हातारी हळूच म्हणाली, बाळा, तुझ्याबरोबर माणसं किती, ते विचारतोय.

मी म्हटलं, वन. त्यानं मला पाच जणांच्या एका कुटुंबाच्या कडेला कोंबलं. पुढं म्हणे भारतातले हत्ती. रबरी, यंत्रावर आंघोळ करणारे. सगळी होडी माझ्याकडं बघायला लागली, मीच ते पाळल्यासारखी. मी मान डोलवली. काय करणार?

मग दिवसभर प्रत्येक पाळण्यापाशी तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. वन. बारा वेळा म्हटलं. शेवटी शेवटी तर छाती काढून. पण एक आहे मीरे, किती ते विचारतात, कोण ते नाही. दिवसभरात कुणी आडनाव विचारलं नाही. घाटकोपर स्टेशनजवळ खोली बघायला गेलो होतो तेव्हा खोलीच्या आधी आडनाव विचारलं होतं, आणि मग खोलीच नव्हती. इथं उंदराच्या कानांची टोपी मिळते, हवं ते नाव शिवून देतात. कुणी विचारलं नाही म्हणून मीच 'तायडे' शिवून घेतलं. विमानाच्या पार्सलनं पाठवतोय.

तुझ्या लग्नाला मी नाही, निदान काका तरी असू दे. आबांना पटव. लोभ असू दे, राग आबांकडं पुरेसा आहे.

तुझा,
चंद्रप्रकाशदादा


भटवाडी, घाटकोपर,
२१ एप्रिल १९७३

प्रिय दादास,

सप्रेम जयभीम वि. वि. दादा, तू काय लिहिलंस आणि इथं काय झालं! तुझी पार वाट लागली आहे, आणि तुला पत्ताच नाही.

चौदा तारखेला जयंतीच्या दोन मिरवणुका निघाल्या. गल्ली एकच, त्यामुळे नळापाशी समोरासमोर आल्या. दोन्ही बँडवाले एकमेकांचे मेहुणे निघाले. ते थांबून तंबाखू मळत बसले आणि दोन्ही गट बँडशिवाय एकमेकांकडं बघत उभे. अर्धा तास. अशात तुझं पत्र आलं.

मी आबांना वाचून दाखवलं. पार्टीचा प्रश्न आला तशी आबांनी चहाची बशी खाली ठेवली. म्हणाले, तिकडंपर्यंत गेली का आपली लाज? मग विचारलं, त्यानं काय सांगितलं? मी वाचलं, वन. आबा उठून उभे राहिले. म्हणाले, बघ, माझा मुलगा ठणकावून बोलला. पार्टी एक आहे. आणि एकदा नाही, बारा वेळा! मी सांगत होते की आबा, ते डोकी मोजत होते, होडीत बसवायला. तर मलाच म्हणाले, तू गप, एवढा शिकलेला देश होडीसाठी डोकी मोजेल का?

दुसऱ्या दिवशी चौकातल्या अस्सल गटाच्या फळ्यावर खडूनं मोठ्ठं लिहिलेलं. 'भटवाडीच्या सुपुत्राची अमेरिकेत घोषणा : पार्टी एकच!' दुपारपर्यंत मूळ गटाचा फळा. 'होय, पार्टी एकच. आणि ती मूळच!' अक्षर काकाचं. मला त्याचा 'ळ' कुठंही ओळखू येतो, त्यानंच कोळशानं गिरवून घेतला होता.

आता माझं. लग्न सत्तावीस मेला, शाळेच्या हॉलमध्ये. रतनकडची मंडळी वाकोल्याहून येणार. आबांनी पत्रिका छापली, त्यात काकाचं नाव नाही. दादा, आई गेल्यावर चार वर्षं काकानं माझ्या वेण्या घातल्या. दोन्ही वाकड्या, पण घातल्या. मी सांगून टाकलं, काका नसेल तर मी लग्नाला बसणार नाही. आबा म्हणाले, मग उभी राहा.

काकाकडं गेले तर त्याचं दुसरंच. आमंत्रण हवं, पण लेखी, आणि वर 'मूळ गट' असं लिहून. आबा म्हणतात, 'मूळ' लिहिलं की ते मूळ ठरले, मग आम्ही कोण? एका शब्दासाठी माझं लग्न अडलंय आणि तू तिकडं रबरी हत्तींना मान डोलवतोयस. झकास! लवकर लिही. खरं काय ते स्पष्ट, पाचवीच्या पोराला कळेल असं.

प्रेम ठेव, उत्तर धाड.

तुझी,
मीरा


लॉस एंजेलिस,
३ मे १९७३

चि. मीरास,

सप्रेम जयभीम. हे पत्र दोन्ही घरी मोठ्यानं वाचून दाखव.

आबा, काका, मी कसलीही घोषणा केली नाही. त्या माणसाला आपली पार्टी ठाऊक नाही, भटवाडी ठाऊक नाही, भारत बहुतेक हत्तींमुळं ठाऊक असेल. तो विचारत होता, तुझ्याबरोबर किती जण आहेत? मी सांगत होतो, कुणी नाही. मी एकटा आहे. बारा वेळा तेवढंच सांगत होतो.

आणि मीरे, तू उभी राहा किंवा बस, पण काकाशिवाय नको. मशीन जवळजवळ येतं आता. रविवार येत नाही. सगळ्यांना लोभ, दोन्ही गटांना सारखा.

चंद्रप्रकाश


वाकोला, सांताक्रूझ,
२८ मे १९७३

प्रिय दादास,

सप्रेम जयभीम वि. वि. वरचा पत्ता बघून कळलंच असेल, लग्न झालं.

तुझं पत्र दोन्ही घरी वाचलं. काका म्हणाला, पोरगा विनयशील आहे, मोठेपणा नको म्हणून नाकबूल जातोय. मी निजायला गेले तेव्हा आबा एवढंच म्हणाले, एकटा होता होय? फळा मात्र कुणी पुसला नाही. आमंत्रणही कुणी लिहिलं नाही.

काल सकाळी हॉलच्या दारात शाळेचा दत्ताराम शिपाई वही घेऊन बसलेला, खुर्च्या मोजून देत होता. वाकोल्याची मंडळी आली. त्यानं विचारलं, मुलाकडची पार्टी किती? ते म्हणाले पंच्याऐंशी, त्यानं पंच्याऐंशी खुर्च्या मांडल्या. मी दारातच. म्हटलं होतं ना, काकाशिवाय आत जाणार नाही. आणि काका कुठं, तर रस्त्याच्या पलीकडं! नवा सदरा घालून, मागं मूळ गटाचे झाडून सगळे बायकापोरांसकट. आम्ही बसची वाट बघतोय, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. दादा, त्या रस्त्यानं बस जात नाही.

दत्तारामनं आबांना विचारलं, मुलीकडच्या पार्टीत किती? आबांनी वहीकडं बघितलं. मग रस्त्याकडं. मग माझ्याकडं. मला वाटलं, आता चाळीस म्हणणार. चाळीस म्हटले असते तर मी आत गेले नसते, हे त्यांनाही माहीत होतं. आबा घसा खाकरून, पलीकडच्या फुटपाथला ऐकू जाईल असं म्हणाले, "एक."

दत्तारामला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यानं परत विचारलं. आबा भडकले. म्हणाले, "एकच! बारा वेळा सांगू?"

दत्ताराम सरकारी माणूस. त्यानं वहीत 'एक' लिहिलं आणि आतून एक खुर्ची आणून ठेवली.

काका रस्ता ओलांडून आला. मागून सगळा मूळ गट. आमच्याकडची दीडशे माणसं आणि खुर्ची एक. आबा काकाला म्हणाले, बस. काका म्हणाला, तू थोरला, तू बस. पाच मिनिटांत त्यावरून असं जुंपलं की मला रडू आलं. वर्षभरानं बोलत होते ना. शेवटी कुणीच बसलं नाही. आपली सगळी पार्टी माझ्या लग्नात उभी होती. आबांनी पिशवीतून तुझी टोपी काढली आणि खुर्चीवर ठेवली. रतनच्या मामांनी विचारलं, हा कुठला प्राणी? आबा म्हणाले, हा आमचा चंद्रप्रकाश.

फार हुरळू नकोस. आबा सांगतायत, आज सकाळी दोन्ही फळ्यांवर माझ्या लग्नाची बातमी आहे. एकावर लग्न अस्सल गटानं लावलं, दुसऱ्यावर मूळ गटानं. म्हणजे रतनला एका दिवसात दोन बायका झाल्या. तो म्हणतो, चालेल, पण भांडी एकीनंच घासायची नाहीत. त्याला अजून तायडे कळायचे आहेत.

आबा आणि काका दुपारी मला बघायला आलेत, वेगवेगळे निघून एकाच बसनं. खाली आबांना लिहायला जागा सोडतेय. लोभ होता तेवढा राहू दे, वाढवायचा असेल तर स्वतः येऊन वाढव.

तुझी,
मीरा

ता. क. चि. चंद्रप्रकाश यास धोंडिराम तायडे यांचा जयभीम. टोपी पोचली. यापुढं तिकडं कुणी पार्टीत किती असं विचारलं, तर आकडा सांगू नये. नावं सांगावी. आबा, माणिककाका, मीरा, जावई, तू. आडनावासकट. वेळ लागला तर लागू दे. मागची रांग थांबेल.