टाचलेला नववा धडा

५ फेब्रुवारी १९६२, सोमवार. दौंड.
शिरूरच्या मिशन दवाखान्यातून कार्ड आलं. नर्सच्या ट्रेनिंगला विधवा चालेल. मॅट्रिकचं जीवशास्त्र तोंडी विचारतील, तारीख २६. पास झाले तर राहायला खोली. नाही तर ३१ मार्चला रेल्वेचं क्वार्टर सोडायचं आणि वडगाव रासाईला दिरांच्या दारात, जाऊबाई मेरीच्या हाताखाली.
म्हणजे पास व्हायचंच. पाळकसाहेबांकडून पुस्तक आणलं. बारा धडे, एकवीस दिवस. नऊ दिवस उरतात.

७ फेब्रुवारी.
पेशी पाठ. नववा धडा एकदा वाचला. प्रतिक्षिप्त क्रिया. जेमतेम पाच पानं. एवढ्याशा धड्यावर कोण विचारतं? त्याची पानं टाचणीनं टाचून टाकली. वेळ वाचला.

१० फेब्रुवारी, शनिवार.
नुसतं वाचून कळत नाही, कापायला हवं. मला रक्ताची भीती नाही हे बरं.
ओढ्यावरून बेडूक आणला. फळीवर उताणा टाचावा, असं पुस्तकात आहे. राहीना. मुसळाचा एकच टोला दिला, जरा जोरात बसला. आतलं सगळं एकदम बाहेर. नाव देण्यासारखं काही शिल्लक राहिलं नाही. भिंत पुसली. दवाखान्यात बेडूक येत नाहीत, तेव्हा तो भाग सोडला.

११ फेब्रुवारी, रविवार.
उपासनेहून आले आणि कोंबडी धरली. एका घावात मुंडी माझ्या हातात आणि बाकीची कोंबडी शेजारच्या धुरपदाच्या अंगणात. तिच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर चिळकांड्या. धुरपदा ओरडली, "अगं रूथबाई, तुझी कोंबडी मुंडी इसरून आली की!"
कोंबडी दोन फेऱ्या मारून चुलीपाशी पडली. मग धुरपदा हळूच म्हणाली, "मेल्यावर पळती कशी गं? जीव कुठं ऱ्हातो मग?"
मी म्हटलं, ते नवव्या धड्यात आहे, महत्त्वाचं नाही.
लुगडं धुऊन दिलं. रस्सा तिलाच दिला. मला गेला नाही, मीठ जास्त झालं होतं.

१५ फेब्रुवारी.
ज्योतिबा खाटकाकडे बोकडाचं हृदय मागितलं. म्हणाला, "कलेजी न्या बाई, ह्यो लई चिवट." मी म्हटलं, खायला नको, शिकायला हवंय. त्यानं माझ्यासमोर बोकड टांगला, सुरा वरपासून खाली ओढला. आतडी धबकन घमेल्यात. मला काही झालं नाही. पायरीवर बसले ती चपलेचा अंगठा तुटला म्हणून.
हृदयात बोट घालून चार कप्पे मोजले. पोटाचेही चारच. माणसाचंही तसंच असणार. वहीत लिहून घेतलं.

१९ फेब्रुवारी.
अकरा धडे झाले. धुरपदा पुस्तक उलटं धरून माझं पाठांतर ऐकते. तिच्या बोटाला टाचणी लागली. "ही पानं का गं डांबून ठिवलीस?"
मी म्हटलं, झालीत ती.
"झालीत तर उघड की."
मी विळी उचलून उंबऱ्यावर आपटली. पातं मोडलं. धुरपदा पुस्तक ठेवून गेली. विळी जुनीच होती.

२२ फेब्रुवारी.
आज ह्यांना जाऊन चार महिने. हे यार्डात शंटिंग पोर्टर होते. दोन डब्यांच्या बफरांमध्ये सापडले. सहाव्या धड्यात बरगड्या चोवीस. शाबूत किती राहिल्या, ते मी मोजलं नाही.
रेल्वेचे डॉक्टर म्हणाले, संपलं. त्यानंतर ह्यांनी माझी बोटं दाबली. दोनदा. डॉक्टर चुकले. ह्यांनी मला ओळखलं होतं.
यात अभ्यासाचं काही नाही. पाचवा धडा पुन्हा केला.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ. शिरूरचा यस्टी स्टँड.
डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. पोटाला चार कप्पे सांगितले तर म्हणाल्या, "बाई, तुम्ही रवंथ करता का?" पण हृदय बरोबर, बरगड्या बरोबर. मग पेन उचलून म्हणाल्या, "शेवटचा प्रश्न. हा आला की पास. मुंडी तोडलेली कोंबडी पळते, ती का?"
उत्तर येत होतं. टाचण्याआधी वाचलं होतं. पाठीच्या कण्यातून हुकूम येतो. त्यात ओळखणं नाही, काही नाही.
मी म्हटलं, तिचं कुणाला तरी भेटायचं राहिलेलं असतं.
बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "घाई नाही. नीट आठवून सांगा."
मी पुन्हा तेच सांगितलं.

२८ फेब्रुवारी.
दानिएल भावजींना कार्ड टाकलं, बैलगाडी पाठवा म्हणून. विळीला नवं पातं बसवून घेतलं, मेरीकडे लागेलच. धुरपदा येऊन भांडी बांधून गेली.
पाळकसाहेबांचं पुस्तक परत केलं. टाचणी तशीच ठेवली.
पुढच्या वर्षी पुन्हा घेतात म्हणे. माझे अकरा धडे तयारच आहेत.