घरला या (हलगी मिक्स)

२ फेब्रुवारी

लागलं एकदाचं यूट्यूबवर! माझं न्हाई, अश्वजितदादाच्या बँडचं. बुलेटवालं गाणं. माझं त्याच्या मागं हाय. स्टुडिओचा टाइम उरला होता तर दादा म्हणला, "लुंबे, तू ते तुझं म्हण की. मागं जोडून टाकू." चुलतभाऊ हाय म्हणून. बाकीची पोरं मोबाईल बघत बसली. मी डोळे मिटून म्हणलं. एकदाच.

व्यंकटीच्या लेकीनं दिवा लावला, बाबा घरला या.

बाबा सेंटरिंगच्या कामाला हैदराबादला गेले ते गेलेच. फोन बंद. तवा मी नववीत होते. मंग शाळा बी सुटली. म्हणलं कुठंतरी त्यांच्या मोबाईलवर येईल. आपलं नाव ऐकतील. येतील.

११ फेब्रुवारी

कोणीच ऐकलं न्हाई. बुलेटवालं बी न्हाई.

२३ फेब्रुवारी

सालेहाआपाच्या दुकानात साडीला पिको करून राहिले होते. बाहेरून वरात चालली. असला दणका की टेबलावरची कात्री सरकून खाली पडली. आणि मधीच एक बारीक आवाज — घरला या, घरला या, घरला या!

आपा मशीन थांबवून म्हणाल्या, "अगे लुंबिनी, ये तो तेरी आवाज हय ना गे?"

मी मान हलवली. न्हाई म्हणून.

पण माझाच. लहान लेकरासारखा करून टाकलाय. खाली हलगी. पोरं रस्त्यात आडवी पडून नाचून राहिली होती. माझ्या आवाजावर! मला उठून पळून जावं वाटलं. बसून राहिले.

२४ फेब्रुवारी

दादा आला. उड्याच मारून राहिलाय. लातूरच्या डीजे बालाजीनं गाणं उचललं म्हणे. हलगी मिक्स. "लुंबे, मागचं गाणं पुढं गेलं गं!" प्रत्येक लग्नात तेच. लातूरच्या एका हॉटेलात तर लाइटी बंद करून याच्यावर नाचतेत म्हणे. बुलेटवाल्याचं नाव कोणी काढून न्हाई राहिलं. दादा हसला पण त्याला बी लागलंच असणार.

तो गेल्यावर मी कानाला लावून सगळं ऐकलं. त्यात बाबाचं नावच न्हाई! डीजेवाले गाण्यावर आपल्या नावाचा शिक्का मारतेत, कोणी चोरू नये म्हणून. मधीच मोठ्यानं ओरडतेत. ह्यानं नेमका "व्यंकटीच्या लेकीनं"वरच मारलाय — "डीजे बालाजी, लातूऽऽर!" दर वेळी. माझ्या बापाच्याच नावावर!

मंग बाबाला कसं कळावं, कोणाला बोलावून राहिलेत ते?

५ मार्च

लातूरला जाऊन आलो, दादा आन् मी. काय बोलायचं ते एसटीत मनातल्या मनात पाठ केलं होतं. गोडाऊनमधी स्पीकरच्या बॉक्सची ही एवढी भिंत. डीजे बालाजी वायरी गुंडाळत होता.

"ही का ती? बारकीच हाय की! बोल ताई, काय म्हणतीस?"

तोंडच उघडलं न्हाई. दादानं सांगितलं सगळं.

"शिक्का काढला की उद्या धा जण आपापल्या नावानं वाजवतेत, भाऊ."

"काढू नका. सरकवा फक्त."

"आरं, तिथं हलगी थांबती. रिकामी जागा दिसली, मारला."

रिकामी जागा म्हणे.

निघताना मला म्हणला, "रडकं गाणं होतं ताई. मी नाचवलं बघ." मला रडू येऊन राहिलं होतं आन् मी हसले. माझं असंच होतं. थोबाडीत मारावी वाटली स्वतःच्या.



६ मार्च

फॉल उलटा शिवला. आपांनी गुपचूप उसवला. त्याचंच लई वाईट वाटलं.

१४ मार्च

चौकातली पोरं आता येणाऱ्याजाणाऱ्या पोरींना ओरडून राहिलीत — "घरला या की!" मला बी ओरडले. त्यांना काय म्हाईत. मी खाली मान घालून आले. हे असं होणार म्हाईत असतं तर म्हणलंच नसतं. जन्मात न्हाई.

२२ मार्च

सरकवला!! बालाजीकडून दादाला नवीन गाणं आलं. खाली लिहिलंय — "ताईला सांग, जागा दिली." आता चांगलं ऐकू येतंय. हलगी थांबती, आवाज बी माझ्यासारखा होतो, आन् मंग बाबाचं नाव. एवढ्या मोठ्या बॉक्सवर!

एक भाकर जास्त केली. आईनं बघितलं.

९ एप्रिल

डीजे बालाजीच्या स्टेटसला व्हिडिओ हाय. जळकोटची वरात. त्यात बाबा हायेत.

पांढरा शर्ट, कपाळाला रुमाल बांधलेला. नाचून राहिलेत. मंग हलगी थांबती. माझा आवाज येतो. बाजूचा माणूस ओरडतो, "ओ व्यंकटी! तुलाच हाक मारायलीय की पोरगी!" बाबा थांबले. बॉक्सकडं बघितलं. चांगलं बघितलं. ओळखला त्यांनी.

मंग हसले. दोन्ही हात वर केले आन् परत नाचले.

हैदराबाद न्हाई. जळकोट! सकाळच्या एसटीत बसलं तर दुपारी जेवायला घरी येतंय माणूस.

१० एप्रिल

दुकानात गेले न्हाई. ते थांबलेले तेवढंच परत परत बघते. दर वेळी वाटतं आता न्हाई नाचणार.

आईला सांगितलं तर ती मरून जाईल. न्हाई सांगितलं तर मी.

१२ एप्रिल

आईला दाखवला. तिनं मोबाईल हातात बी घेतला न्हाई. लांबूनच बघितलं. म्हणाली, "पोट सुटलंय."

मंग म्हणाली, "जळकोटलाच असतो. दुसरं घर केलंय. मला लई आधीपासून म्हाईत हाय."

"मंग सांगितलं कामून न्हाई?"

"तू गाणं म्हणायलीस की गं. तो गेल्यापासून तेवढ्यालाच तोंड उघडायलीस."