ढोल्याचं सरळ गाणं

४ मार्च

डॉक्टर म्हणाले — ढोल्याच्या घशातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही जाणार. त्यानं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट केलं, "आणि या काडीच्या पियानोचं काय? तोही कापा, फार बेसूर आहे!" डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही. ढोल्या-काडीची जोडी, बावीस वर्षं — तो गाणार, मी वाजवणार, लोक पोट धरून हसणार.

घरी येऊन भांडी घासली.

५ मार्च

काही वाटत नाहीये.

९ मार्च

तालीम. ऑपरेशनच्या आधी एकच कार्यक्रम उरलाय. ढोल्या म्हणतो, "शेवटी एक गाणं सरळ म्हणेन. चाळे नाहीत, वेडीवाकडी तोंडं नाहीत. आई गेली तेव्हा रचलं होतं." मला पत्ताच नाही!

"बोलला नाहीस कधी?"

"तू वाट लावली असतीस."

खरंय. माझं कामच ते.

तीनदा वाजवलं. चांगलं आहे. फारच चांगलं आहे.

१४ मार्च

कार्यक्रम झाला. थिएटर गच्च. शेवटी ढोल्या पुढे आला, टोपी काढून ठेवली, गायला लागला. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला. कुणीतरी फिस्सकन हसलं — आणि मग अख्खं थिएटर! टाळ्या, शिट्ट्या. त्यांना वाटलं, नवा विनोद. तो थांबला नाही. शेवटच्या ओळीपर्यंत गायला, वाकून नमस्कार केला.

विंगेत वहिनी भडकल्या होत्या. "माणूस जीव तोडून गातोय आणि मेले दात काढतायत!"

मी पियानोचं झाकण लावलं.

१८ मार्च

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला.

२३ मार्च

दवाखान्यात गेलो. ढोल्याकडे आता पाटी आहे. त्यानं लिहिलं — "पहिलं कोण हसलं?"

म्हटलं, "दिवे डोळ्यांवर होते. दिसलं नाही."

त्यानं मान डोलावली. वहिनींनी मला संत्रं सोलून दिलं. खाल्लं.

२४ मार्च

मी. पहिला मीच हसलो. त्याचा सूर फाटला की मागून हसायचं, म्हणजे लोक हसतात — हाडात मुरलंय. हात नीट वाजवत होते. तोंड हसलं.

२५ मार्च

सांगून आलो. ढोल्यानं लिहिलं — "बावीस वर्षं पाठीमागून तेच हसू ऐकतोय. ओळखणार नाही होय? तू सांगतोस का, ते बघत होतो."