वजन गेलं, कातडी राहिली

७ जानेवारी, जळगाव
काटा आज एकसष्टवर थांबला. मागच्या जानेवारीत ब्याण्णव होतं. डॉक्टरांनी साखरेच्या दोन गोळ्यांतली एक बंद केली. गुडघाही गप्प. मेहरूणच्या तलावाला घातलेल्या फेऱ्या कामी आल्या. देवापुढे पेढा ठेवला, तो ह्यांनी खाल्ला.
मग अंघोळीला गेले. पोट एका हाताने वर उचलून खाली धुवावं लागतं, झोळीसारखं. आतला माल गेला, पिशवी राहिली. केस पुसायला हात वर केले की दंडाखालची कातडी हलते. मी थांबले तरी ती थांबत नाही.
हे कोणी आधी सांगितलं नव्हतं.

१० जाने.
दुकानात स्टुलावर उशी घेतली. बूडच राहिलं नाही. इतकी वर्षं त्याच स्टुलावर बसून बायकांचे ब्लाउज शिवले, लाकूड टोचतं हे आत्ता कळतंय.
थंडी फार वाजते. स्वेटर, वर शाल. एक गिऱ्हाईक म्हणाल्या, "ताई, ताप आहे का?" नाही म्हटलं. "मग शुगर वाढली वाटतं. चेहरा किती उतरलाय." शुगरच उतरली आहे हो, तिच्याबरोबर चेहराही गेला. पण हे माप घेता घेता कुठे सांगत बसू.
हे म्हणतात, "शेजारी कोणी नवीनच बाई झोपलीय असं वाटतं." मग स्वतःच लाजले.

१९ जाने.
धुळ्याहून नानाचा फोन. भाच्याचं लग्न ठरलं, फेब्रुवारीतच. "आत्याबाई, हळदीच्या आदल्या दिवशी पाहिजेस." नाना माझा थोरला भाऊ, पण लग्न ठरलं की तो मला आत्याबाईच म्हणणार.
वर्षभर धुळ्याला गेले नाही. खरं कारण मायच्या हातची शेवभाजी. समोर आली असती तर वजन कसलं उतरतंय. फोनवर बोलणं रोजचं, पण तिने मला पाहिलेलं नाही.
आनंद झाला. पाठोपाठ दंड आठवले.

२४ जाने.
लग्नासाठीचे माझे ब्लाउज बेतायला घेतले. छाती कमी, कंबर कमी. दंडघेर मात्र कातडी वर ओढून धरली की एक, सोडली की दुसरा. कोणता लिहू?
आम्ही कापताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतो. उद्या बाई अंगाने भरली तर उसवून वाढवता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. माझ्या अंगात माया भरपूर सोडलेली आहे, पण ती आत घ्यायची कशी, ते कोणत्याच क्लासमध्ये शिकवलं नाही.
आधी कोपरापर्यंत बाही काढली. मग खोडून मनगटापर्यंत.

२ फेब्रु.
कंगव्यात केसांचा पुंजका. डॉक्टर म्हणाले, भराभर वजन उतरलं की होतं असं, प्रथिनं वाढवा, थांबेल. लेकीने, पूर्वाने, पुण्याहून फोनवर दम दिला. रोज डाळ, पनीर, मूठभर शेंगदाणे, आणि फोटो पाठवायचा. आजचा फोटो पाठवला. तिचं उत्तर, "ही मूठ बाबांची आहे."

१५ फेब्रु., धुळे
माय ओट्यावरच बसलेली. पाया पडले. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, इकडे वळवलं, तिकडे वळवलं, आणि नानाला विचारलं, "मनी आंडेर कोठे गयी?"
लेक समोर उभी, आणि विचारते लेक कुठे गेली.
मग रडायला लागली. मग ह्यांच्याकडे वळली, "जेवाले देत नही का तिले?" हे बॅग खाली ठेवत होते, तसेच वाकलेले राहिले. म्हणाले, "आई, तीच खात नाही." त्यावर माय आणखी रडली.
मी समजावलं, माय, मुद्दाम कमी केलं, साखर होती, आता बरी शे मी. ती म्हणते, "बरी शे तं तोंड असं का?"
हातपाय धुतले, जेवायला बसलो. तिने शेवभाजी दोनदा वाढली. दुसरी वाटी ह्यांच्याकडे सरकवली.

१६ फेब्रु., धुळे
हळद. सविस्तर लिहून ठेवते, पुढे हसायला होईल.
भाच्याला पाटावर बसवलं. आत्याचा मान पहिला. मी मनगटापर्यंतच्या बाहीत, हळदीची वाटी घेऊन. वहिनी म्हणाल्या, "बाही भरेल, वर करा." मी म्हटलं, असू द्या. त्यांनी ऐकलं नाही. बाही धरून सरळ वर ओढली, पार खांद्यापर्यंत. गल्लीतल्या सगळ्या बायका समोर, आणि माझा दंड लोंबतोय.
सगळ्या एकदम हळदीच्या वाटीकडे बघायला लागल्या. ते जास्त वाईट.
मग माय उठली. स्वतःची बाही वर केली, दंड माझ्या दंडाला लावला. अगदी एकच वळण. म्हणाली, "पाय, मनाच दंड. माले म्हातारपनमा भेटना, तुले आधीच." बघ म्हणे, तिला म्हातारपणी मिळाला तोच दंड मला आधीच मिळाला. आणि हसली. काल आल्यापासून पहिल्यांदा हसली. मग बायकाही हसल्या, मीही. भाच्याच्या गालाला हळद लागायच्या आधी मायच्या आणि माझ्या दंडाला लागली.
पुढे बँड. नाचताना परकर घसरायला लागला. पूर्वी तो अडकून बसायला जागा होती. वहिनींनी मागून निऱ्यांसकट गच्च पकडला आणि आम्ही दोघी तशाच पुढेमागे नाचलो. नवरीकडच्या दोघीतिघी तसंच करायला लागल्या. त्यांना वाटलं आमच्याकडची पद्धत असेल.

२३ फेब्रु., जळगाव
नानाचा फोन. लग्नात आलेल्या कोणीतरी पसरवलं की सुनंदाला, म्हणजे मला, मोठा आजार आहे, घरचे लपवतात. नाना हसत सांगत होता. मीही हसले. फोन ठेवल्यावर आरशासमोर गेले. गाल आत, मान सैल. नवख्या माणसाला तसं वाटेलही.
आज फिरायला गेले नाही.

२४ फेब्रु.
गेले.

११ मार्च
जळगावला ऊन चढलं. शेजारच्या दुकानात कूलर सुरू, मी नुसत्या पंख्यावर. आयुष्यात पहिल्यांदा मार्चमध्ये घामाघूम नाही. रेल्वेचा पूल एका दमात चढले. वर जाऊन उगाच थोडा वेळ उभी राहिले, मालगाडी बघत.
हेही लिहून ठेवायला हवं. नुसती गाऱ्हाणी नकोत.

१७ एप्रिल
पारा चव्वेचाळीसच्या पुढे. पोटाच्या घडीखाली कातडी सोलली आहे. लाल, ओली. वास येतो. दुकानात दोनदा पडद्याआड जाऊन पुसून आले. गिऱ्हाइकाचं माप हात लांब करून घेतलं.
लठ्ठ होते तेव्हाही घडी होती, पण ती भरलेली होती. आता कातडीवर कातडी चिकटते.
थोडी रडले. ह्यांना अजून सांगितलं नाही.

२१ एप्रिल
कातडीच्या डॉक्टरांकडे. मलम दिलं. कोरडं ठेवा, मध्ये मऊ सुती कापड ठेवा. कायमचा उपाय म्हणजे ऑपरेशन करून जास्तीची कातडी काढणं, पण आधी वजन स्थिर राहिलं पाहिजे. धुळ्याला एक सर्जन बाई आहेत, त्यांचं नाव लिहून दिलं.
घरी सांगितलं. हे म्हणाले, "धडधाकट माणसाला कापायचं?"
मी म्हटलं, "धडधाकट माणसाच्या अंगाला वास येतो का?"
त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी लपवलं तर कसं माहीत होणार.

२२ एप्रिल
ह्यांनी त्यांच्या मोटार-वायंडिंगच्या दुकानातून एक जुना छोटा पंखा नवीन वायंडिंग भरून आणला. माझ्या मशीनखाली जमिनीवर बसवला, तोंड वर करून. म्हणाले, "आता कोरडं राहील." साडीचा फुगा झाला. गिऱ्हाईक आलं की पायाने बटण बंद करायचं.
बरं वाटतं. पंख्याने, आणि तसंही.

३ मे
जुनी सुती साडी फाडली. कमरेभोवती आडवा पट्टा, आणि घडीच्या आत जाईल अशी दुपदरी जीभ. पहिला इतका घट्ट झाला की श्वास अडकला. दुसरा चालताना वर चढला. तिसऱ्याला बाजूला नाडी दिली.

९ मे
तिसरा जमला. कातडी सुकली. ह्यांनी विचारलं, "ह्याला काय म्हणायचं?" काहीच नाही म्हटलं. नाव ठेवलं की बायका मागायला येतील.

१९ मे
बोदवडची निकिता आली, लग्नाचे ब्लाउज शिवायला. विशीतली, सडपातळ पोरगी. भर मे महिन्यात म्हणते, बाही मनगटापर्यंत, आणि गळा बंद. माप घ्यायला हात उचलला तेव्हा कळलं.
"किती उतरवलंस?"
तिने हात पटकन खाली घेतला. मग डोळे भरले. "काकू, पस्तीस. त्याच्या घरच्यांनी मला बारीक झाल्यावरच पाहिलं. त्याला काहीच माहीत नाही. लग्नानंतर कळेल तेव्हा?"
मी शटर अर्धं खाली ओढलं आणि माझी बाही वर केली. ती बघत राहिली. मग तिने तिची वर केली. दोघींचे दंड समोरासमोर. ती म्हणाली, "तुमचा जास्त आहे." मी म्हटलं, वयाने मोठी आहे, जास्त असणारच. तेव्हा कुठे हसली.
आधी सांग त्याला, म्हटलं. तो पाठ फिरवणारा असला तर आत्ताच फिरवू दे. बोलून गेले खरी, पण त्या जागी मी असते तर तोंड उघडलं असतं का, माहीत नाही.
पट्टा दाखवला. कसा बेतायचा तेही.

२३ मे
निकिताचा पत्ता नाही. ब्लाउज कापायचे की थांबायचं? फोन करू की नको? नसता सल्ला देऊन बसले. लग्न मोडलं तर...
जेवण गेलं नाही.

२६ मे
निकिता आली. सांगितलं म्हणे, भडगावला त्याच्या मावशीकडे दोघं भेटले तेव्हा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, त्याच्या पाठीवर लहानपणी भाजल्याचा मोठा डाग आहे. तोही सांगायचाच होता, धीर होत नव्हता.
"मग काकू, आम्ही दोघं हसतच सुटलो."
बाही कोपराच्या वर घ्या म्हणाली. कापड उरलं.

१२ जून
निकिताचं लग्न आटोपलं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. एक बट्टी खाल्ली, तुपासकट. आखूड बाहीचा ब्लाउज घातला होता. एका बाईने दंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी तिला बट्टी वाढू का विचारलं.
निकिता कशी दिसत होती म्हणून सांगू.

२७ जुलै, धुळे
सर्जन बाईंकडे, हेही बरोबर. बाईंनी विचारलं, "दिसण्यासाठी करायचं की त्रासासाठी?" मी म्हटलं, दोन्हीसाठी. त्या म्हणाल्या, "बरं झालं, खरं सांगितलंत."
तपासायच्या पलंगावर झोपवलं. कुठून कुठे कापणार ते दाखवायला पेनने पोटावर रेघ ओढली, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत. दंडाचं नंतर बघू. व्रण राहील, जंतू होऊ शकतात, काही आठवडे मशीनवर बसायचं नाही. सगळं न लपवता सांगितलं. दिवाळीची शिलाई उरकल्यावर करता येईल. घाई नाही, विचार करून कळवा.
मायला सांगितलं. ती म्हणते, "राहू दे ना. कोनले नडस?" मी म्हटलं, "माले नडस." तिने एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग मी इसू तुनापा राहाले."
माय जळगावला येणार म्हणते. कित्येक वर्षांत आली नाही.

२८ जुलै, जळगाव
सकाळी आरशात पाहिलं. रेघ तशीच आहे, पण तिरपी. डावीकडे बोटभर खाली. ह्यांना हाक मारली. चष्मा लावून, वाकून बघितलं. "तिरपी आहे खरी. त्यांना कळवायला हवं."
माझं डोकं तापलं. म्हटलं, आम्ही असं कापलं तर गिऱ्हाईक ब्लाउज तोंडावर फेकेल.
पलंगावर आडवी होऊन परत पाहिलं. रेघ सरळ. उठले, तिरपी. झोपले, सरळ. बाईंनी मला झोपलेली असताना आखलं होतं. उभं राहिलं की कातडी डावीकडे जास्त उतरते, एवढंच. कापड टेबलावर असतं तसंच खुंटीवर राहतं, अंगाचं तसं नाही. मला वाटलं होतं मी चूक पकडली.
हे पलंगाच्या कडेला बसून राहिले. "मग? काय ठरवलंस?"
"तुम्ही काय म्हणता?"
"माझं सोड. मशीनवर कोण बसेल तेवढं बघतो मी."
दुकान उघडायला उशीर झाला. घाईत अंघोळ केली. रेघेवर साबण लावला नाही.