सायकल त्याची होती

प्रिय रिगोबेर्तो,

तिकडे स्पेनमध्ये टोमॅटोच्या शेडमधलं काम आटोपून खोलीवर आलास, की मगच हे निवांत वाच. आपल्या अन्सेल्मोबद्दल आहे.

तेरा वर्षांचा झालाय, पण डोकं तुझंच. मागच्या वर्षी वर्गातला एकजण माझ्यावरून काही बोलला, तर ह्याने त्याचं नाक फोडलं. तेव्हा तू हसून म्हणाला होतास, "माझंच रक्त." दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी त्याची सायकल चोरीला गेली. गल्लीतल्या पोरांनी चोर पकडला, खाडीकाठच्या झोपड्यांतला, ह्याच्याच वयाचा, आणि विजेच्या खांबाला बांधला. केळी तळायची सोडून मी धावले. तुझा भाऊ फाउस्तो सगळ्यांत पुढे. अन्सेल्मोच्या हातात दांडकं देऊन म्हणाला, "सायकल तुझी, पहिला फटका तुझा. बघू, बापाचा पोरगा आहेस का."

अन्सेल्मोने रागाने दांडकं घट्ट आवळलं. मला वाटलं, हाणतोय आता. त्याने त्या पोराकडे पाहिलं आणि दांडकं गटारात भिरकावलं. मग त्या पोराला पाठीशी घालून खांबापुढे उभा राहिला. "सायकल माझी ना? मग मी सांगतो, सोडा ह्याला." कुणीतरी दगड मारला. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं, तरी हलला नाही. मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले, मग आणखी दोघीतिघी आल्या, तेव्हा कुठे दोर सुटला. त्या पोराची आई अनवाणी धावत आली. तिने अन्सेल्मोचा हात धरला तो सोडेचना.

टाके घालून परतताना मी विचारलं, राग नाही आला? म्हणाला, "आला ना. खूप आला. पण आई, तो बांधलेला होता." रिगो, माझी मान एवढी ताठ कधीच झाली नव्हती.

फाउस्तोने तुला काय कळवलं ते मला ठाऊक आहे. पोरगं भित्रं निघालं म्हणे. तेव्हापासून तू त्याला फोनवर बोलावतच नाहीस. तुझा फोन आला की तो उठून उभा राहतो, आणि मी ठेवला की काही न विचारता बाहेर निघून जातो. त्या जमावापुढे तो मोडला नाही, तुझ्या अबोल्याने मोडेल. आता पुढचा फोन मी उचलणार नाही. तो उचलेल. आधी भुवईचं विचार.

तुझीच,
यादिरा